पाटीवरचा लहान आकडा

ग्लायडरच्या, म्हणजे इंजिनाशिवाय उडणाऱ्या विमानाच्या, कॉकपिटमध्ये एक छोटी पाटी असते. आसनावरचं वजन कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं. प्रत्येक ग्लायडरचे आकडे वेगळे. आपण ६० आणि ११० किलो धरू. त्यात अंगावरचे कपडे आणि पाठीवरचं सात-आठ किलोंचं पॅराशूटही आलं.

ग्लायडर उडवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मध्यंतरी विचारलं, "माझं सगळं मिळून ११४ भरतं. पण बनवणारे दीडपट मजबूत बनवतातच ना? मग चार किलोंनी काय बिघडणार आहे?" ११० बद्दल असं विचारणारे बरेच भेटतात. ६० बद्दल मात्र कोणी विचारत नाही. हलका माणूस म्हणजे उलट चांगलंच, असं सगळे गृहीत धरतात. माझ्या मते पाटीवरचा जास्त धोकादायक आकडा तोच आहे.

आधी त्या दीडपटीचा हिशेब करू. युरोपातल्या 'सीएस-२२' या नियमावलीप्रमाणे नेहमीच्या वर्गातल्या ग्लायडरने स्वतःच्या वजनाच्या ५.३ पट भार पेलून पुन्हा मूळ आकारात यायला हवं. त्या भाराच्या १.५ पटीला त्याने तुटता कामा नये, पण किती वेळ? तीन सेकंद. पुढे पंख मोडला तरी नियमाचं समाधान झालेलं असतं. ही वरची अर्धी पट वैमानिकाच्या पोटासाठी राखून ठेवलेली नाही. कुठे पंखातले तंतू चिकटवणारी राळ (रेझिन) असमान बसलेली असते, कुठे जुना धक्का आतल्या आत मुरलेला असतो, कधी वाऱ्याचा झोत अंदाजापेक्षा जोरकस निघतो. ती त्यातच खर्च होते. (बहुतेक ग्लायडर पांढरे का, याचं उत्तरही इथेच आहे. उन्हात तापली की राळ मऊ पडते.)

शिवाय ५.३ पट भारात त्या जादा चार किलोंचे एकवीस होतात आणि ते सगळे पंखाच्या मुळाशी येतात. गंमत अशी की स्पर्धेतले वैमानिक पंखांत शंभर-दीडशे लिटर पाणी भरून उडतात, तिथे कोणी कुरकुरत नाही. पंखातलं पाणी जिथे असतं तिथेच पंख त्याला उचलतो. वैमानिक मात्र मधोमध बसतो, म्हणून त्याचा भार दोन्ही पंखांना मुळाशी वाकवतो. एकूण वजनाची मर्यादा वेगळी आणि मधल्या भागाची वेगळी, ती यामुळे.

आता ६० कडे. इथे प्रश्न ताकदीचा नाही, तोलाचा आहे, आणि तोलाला दीडपटीचा गुणक नसतो.

उडताना वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं की पंखावरची आणि शेपटीवरची उचल, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर, वाढते. ही वाढीव उचल एका ठरावीक बिंदूपाशी लागते, त्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. ग्लायडरचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे असेल, तर वाढीव उचल मागचा भाग वर ढकलते आणि नाक आपसूक खाली येतं. वैमानिकाने काही करायची गरज नाही. गुरुत्वमध्य मागे सरकत त्या बिंदूवर आला की ही आपसूक दुरुस्ती संपते. त्याहीपेक्षा मागे गेला, तर वर गेलेलं नाक आणखी वर जातं.

गुरुत्वमध्य कुठे हे ठरतं बरंचसं वैमानिकावर, कारण एका आसनाच्या ग्लायडरमध्ये तो पंखाच्या पुढे, नाकाकडे बसतो. शाळेतली तरफ आठवा. समजा, रिकामं ग्लायडर २५० किलोंचं आहे, त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० सेंटिमीटर मागे आहे आणि वैमानिक त्या कडेच्या ५५ सेंटिमीटर पुढे बसतो. २५० गुणिले ६०, त्यातून वैमानिकाचं वजन गुणिले ५५ वजा करायचं आणि आलेल्या आकड्याला एकूण वजनाने भागायचं. ८० किलोंचा वैमानिक असेल तर उत्तर ३२ सेंटिमीटर, ११० चा असेल तर २५, ५२ चा असेल तर ४०. या ग्लायडरची परवानगी २४ ते ३८ सेंटिमीटर आहे असं धरा. म्हणजे सगळा खेळ १४ सेंटिमीटरांचा, वीतभरही नाही.

जड वैमानिकामुळे गुरुत्वमध्य पुढे जातो तेव्हा उतरताना नाक उचलायला एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरची वर-खाली हलणारी फळी, अपुरा पडतो. वाईटच, पण ते हाताला जाणवतं. मागे गेलेला गुरुत्वमध्य मात्र फसवतो. हातातली नियंत्रणाची कांडी हलकी लागते, ग्लायडर चपळ वाटतं. मग वेग कमी होऊन एक पंख खाली झुकला की गिरकी सुरू होते आणि नेहमीच्या उपायाने ती थांबेलच याची खात्री उरत नाही. एकोणिसाव्या शतकातला जर्मन ग्लायडरवीर ओटो लिलिएन्थाल आपल्या ग्लायडरला हातांवर लोंबकळत, पाय पुढे-मागे झोकून तोल सांभाळायचा. गुरुत्वमध्य हलवणं हेच त्याचं सुकाणू. ९ ऑगस्ट १८९६ ला नाक वर गेलं, उचल संपली आणि शरीर पुढे झोकूनही ते वेळेत खाली आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला.

 

हलक्या वैमानिकासाठी उपाय साधा आहे: पायांपाशी, नाकात शिशाची वजनं पक्की बोल्टने बसवायची. आपल्या ५२ किलोंच्या वैमानिकाला आठ किलो कमी पडत होते. कडेच्या १६० सेंटिमीटर पुढे चार किलो शिसं ठेवलं की गुरुत्वमध्य ३८ च्या आत येतो. निम्म्या वजनात काम होतं, कारण तरफ लांब आहे.

तीच तरफ मागेही तितकीच लांब असते. जमिनीवर ग्लायडर ढकलायला शेपटीला चाक लावलेला पट्टा अडकवतात, त्याला टेल डॉली म्हणतात. कधी कधी तो काढायचाच राहतो. तो पाच किलोंचा आणि कडेपासून ४३० सेंटिमीटर मागे असेल, तर वरच्याच हिशेबाने ८० किलोंच्या, काट्यावर अगदी मधोमध बसणाऱ्या वैमानिकाचा गुरुत्वमध्य येतो ३८ वर. पाटी वाचूनच तो आत बसलेला असतो.