नव्या बॉल पायथनचे न खाणे: बुजलेपण की दुखणे?

बॉल पायथन हा पाळला जाणारा आफ्रिकी अजगर. घरी आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तो बरेचदा खात नाही, दिवसभर लपून राहतो आणि हात जवळ नेला की डोके मध्ये घालून स्वतःचा गोळा करून घेतो. नव्या जागेत बुजलेला साप असाच वागतो, आणि आजारी सापही सुरुवातीला बराचसा असाच दिसतो. दोहोंतला फरक ओळखणे निकडीचे आहे, कारण त्यांवरचे उपाय एकमेकांच्या नेमके विरुद्ध आहेत. बुजलेल्या सापाला कोणी हात न लावता राहू द्यावे लागते, तर आजारी सापाला उचलून पशुवैद्यकाकडे न्यावे लागते. पहिल्याला काळजीपोटी रोज उचलून तपासत राहिले, तर त्याचे रुळणे लांबते. दुसऱ्याला ‘रुळेल हळूहळू’ म्हणून महिनाभर तसेच ठेवले, तर उपचाराचा काळ हातचा जातो.

बुजण्याचे मूळ या सापाच्या स्वभावातच आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात तो आढळतो, आणि दिवसाचा बराच वेळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत काढतो. अंगाला चारही बाजूंनी जमिनीचा स्पर्श असणे हीच त्याची सुरक्षितता असते. असा प्राणी काचेच्या मोकळ्या पेटीत ठेवला, वरून माणसांचे चेहरे डोकावू लागले आणि जमिनीतून पावलांची कंपने पोहोचू लागली, की तो शिकार करण्याचे बंद करतो. भक्ष्य गिळत असताना आणि ते पचवत असताना आपण सर्वांत असहाय असतो, हे त्याच्या शरीराला उपजतच माहीत असते. शिवाय या जातीच्या प्रौढ सापांचे महिनोन्‌महिने उपाशी राहणे, विशेषतः थंडीत आणि प्रजननाच्या काळात, सर्वज्ञात आहे. कॉर्न स्नेकसारख्या खादाड सापाने दोन महिने अन्न नाकारले, तर मी लगेच काळजी करीन. धडधाकट प्रौढ बॉल पायथनने तेवढेच दिवस नाकारले, तर एवढ्यावरून मी काहीही निष्कर्ष काढणार नाही. पिल्लांच्या बाबतीत मात्र ही सवलत बरीच कमी आहे, कारण त्यांच्या अंगात तेवढा साठा नसतो.

साप कुठून आला, यावरही पारडे कोणत्या बाजूला झुकते ते अवलंबून असते. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून बॉल पायथनची मोठी निर्यात होत आली आहे. रानातून पकडलेल्या प्रौढ सापात परजीवी असण्याची आणि बंदिवासात अन्न नाकारण्याची शक्यता, माणसाच्या देखरेखीत जन्मलेल्या पिल्लापेक्षा खूप अधिक असते. म्हणून विकत घेताना जन्माची माहिती, शेवटचे खाणे केव्हा आणि कशाचे झाले हे आणि कागदपत्रे, या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. भारतात कागदपत्रांना कायद्याचेही कारण आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ असे देशी साप घरी ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतील विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर व २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते.

बुजलेपणाची मुख्य खूण अशी, की ते परिसराशी बांधलेले असते. हात आला की साप गोळा होतो, फुत्कारतो, क्वचित झेप घेऊन चावण्याचा आव आणतो. माणसे दूर गेली, दिवे मालवले, की रात्री बाहेर येऊन पेटीत फिरतो, जीभ सतत आतबाहेर करतो, पाणी पितो. सकाळी पाण्याचे भांडे सरकलेले किंवा खालचा कागद विस्कटलेला दिसला, तर तो रात्रीच्या या फेरफटक्याचा पुरावा असतो. त्याचे अंग भरलेले आणि स्नायू घट्ट असतात, आणि हातात घेतला तर पकड जाणवते. (फुत्कारणाऱ्या सापाने ‘डूख धरला’ असे आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणते, तसे काही नसते, तो फक्त भ्यालेला असतो.) आजारी सापाचे वागणे मात्र माणूस जवळ असो वा नसो, फारसे बदलत नाही. तो रात्रीही जागचा हलत नाही, उचलल्यावर सैल लोंबतो आणि कित्येकदा लपण्याचा प्रयत्नही सोडून देतो. पाहुण्यांना दाखवताना ‘किती शांत आहे’ म्हणून कौतुक झालेला नवा साप कधीकधी शांत नसून अशक्त असतो.

तरीही सापावर आजाराचा शिक्का मारण्याआधी पेटी तपासावी, कारण ज्याला आपण ‘रुळत नाही’ म्हणतो, त्याचे कारण बहुधा तापमानात किंवा लपण्याच्या जागेत सापडते. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी साधारण २५ ते २७ अंश असावी, आणि दोन्ही बाजूंना एकेक अंगाबरोबर बसणारी लपण्याची जागा असावी. ती एकाच बाजूला असली, तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतली एक निवडावी लागते, आणि तो बहुधा सुरक्षितता निवडून थंड पडून राहतो. मोठे, प्रशस्त घरकुल त्याला नको असते. वेटोळे घातल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतींना लागेल एवढीच जागा हवी. आर्द्रता ५५ ते ७० टक्के पुरते. काचेवर चिकटवायचा तबकडीचा तापमापक हवेचे तापमान सांगतो, साप ज्यावर बसतो त्या जमिनीचे नाही. म्हणून तारेच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल तापमापक गरम बाजूच्या जमिनीवर ठेवावा, आणि तापवणारी चटई किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक राखणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही लावू नये. पुण्या-नाशिककडे हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. खोली एवढी गार झाली, तर दिवसा अचूक असणारी पेटीही पहाटे थंड पडते, आणि रात्रभर वीज गेल्यास आणखीच. तेव्हा त्या रात्रींचे किमान तापमान नोंदवून ठेवणारा तापमापक घेणे चांगले.

पेटी ठीक असेल, तर आल्यानंतर पाच ते सात दिवस काहीही देऊ नये, आणि मगच, सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढ्या जाडीचा, गोठवून पूर्ण वितळवलेला व किंचित कोमट केलेला उंदीर संध्याकाळनंतर चिमट्याने दाखवावा. नाकारला तर काढून घ्यावा आणि आठवडाभर पुन्हा दाखवू नये. रोज दाखवत राहणे हा स्वतःच एक त्रास आहे. जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपी जाणे तर धोक्याचे आहे, कारण न खाणाऱ्या सापाला उंदीर कुरतडतो आणि त्या जखमा गंभीर होतात. सलग दोन-तीनदा खाईपर्यंत त्याला हाताळू नये, आणि खाल्ल्यानंतर दोन दिवस तर मुळीच नाही. या काळात फक्त पाणी बदलणे आणि विष्ठा काढणे एवढेच काम करावे.

आता दुखण्याकडे. सर्वांत आधी श्वास पाहावा, कारण नव्या बॉल पायथनमध्ये श्वसनमार्गाचा संसर्ग वारंवार आढळतो आणि लवकर लक्षात आला तर त्यावर इलाज होण्याची शक्यता चांगली असते. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे तो नीट खोकून कफ बाहेर काढू शकत नाही. कफ साचत राहतो, आणि मग तो तोंड किंचित उघडे ठेवून, डोके वर उचलून श्वास घेऊ लागतो, नाकपुड्यांत बुडबुडे येतात, तोंडाच्या कडेला चिकट लाळ दिसते, श्वासाबरोबर घरघर किंवा टकटक ऐकू येते. यांतले एकही लक्षण नुसत्या बुजण्याने होत नाही. तोंडाच्या आत लाल ठिपके, दह्याच्या गाठीसारखा पू, दात किंवा हिरड्यांजवळची सूज, ही तोंडाच्या संसर्गाची चिन्हे आहेत. पेटीच्या जाळीवर नाक घासत राहणारा साप मुळात बुजलेलाच असतो; पण नाकावरचे खवले उखडून उघडी जखम झाली, की तीतूनच संसर्ग आत शिरतो, म्हणून ते घासणे ‘सवय’ म्हणून सोडून देऊ नये.

श्वासातही दोन फसवणाऱ्या गोष्टी आहेत. कात टाकायच्या आधी नाकपुड्यांभोवतीची त्वचा सैल होते आणि हवा जाताना बारीक शिट्टी वाजते. डोळे दुधाळ-निळसर झाले आहेत, रंग फिका पडला आहे आणि शिट्टी आहे पण कफ नाही, तर सहसा ती कातेची शिट्टी असते; कात पडल्यावर ती थांबते. या आठ-पंधरा दिवसांत न खाणेही नेहमीचेच आहे. कात एका अखंड मोज्यासारखी निघाली, तर आर्द्रता योग्य आहे असे समजावे. तुकड्यातुकड्यांनी निघाली, तर पेटी कोरडी आहे, आणि डोळ्यावरची खवली राहिली, तर चिमट्याने न ओढता वैद्याकडून काढून घ्यावी. दुसरी फसवणूक जांभईची. गिळून झाल्यावर जबडा जागेवर आणण्यासाठी साप एकदोनदा मोठा आ वासतो. ते उघड्या तोंडाने श्वास घेणे नव्हे. फरक वेळेत आहे: जांभई क्षणाची असते, श्वासाची ओढ सततची.

पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसणे, हे लक्षण तर दोन्हीकडे सारखेच दिसते. बुजलेला साप लपायला जागा नाही म्हणून भांड्यात बसतो, पेटी फार तापली असली तरी बसतो, कात जवळ आली असली तरी बसतो. पण अंगावर माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक परजीवी, असले तरीही बसतो, कारण पाण्यात ते बुडतात. निवाडा सोपा आहे. पांढरा ओला कागदी रुमाल त्याच्या अंगावरून हलकेच फिरवावा, आणि हनुवटीच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला, पाण्याच्या तळाशी खसखशीएवढे काळपट ठिपके पाहावेत. माइट सापडले, तर हे रुळण्याचे प्रकरण उरत नाही. पहिला महिना माती-सालींऐवजी साधा कोरा कागद अंथरणे याचसाठी सोयीचे: ठिपके, पातळ विष्ठा, रक्त, सगळे ताबडतोब दिसते. पांढऱ्या खडूसारखे गोळे मात्र पाहून घाबरू नये. ते युरेट, म्हणजे सापाचे लघवीतून बाहेर पडणारे घन द्रव्य असते.

चालण्या-वळण्यातली गडबड हा आणखी एक वेगळा प्रश्न आहे. डोके आकाशाकडे ताणून धरणे, उलटे पडल्यावर सरळ होता न येणे, ही मज्जासंस्थेच्या आजाराची चिन्हे आहेत. अजगर आणि बोआंना होणारा, आरेनाव्हायरस गटातील विषाणूंशी जोडलेला समावेश-पिंड रोग (इन्क्लूजन बॉडी डिसीज) त्यांतलाच, आणि त्यावर उपचार नाही. पण ‘स्पायडर’ या रंगप्रकाराच्या बॉल पायथनमध्ये डोके डुलणे जन्मजात असते, आणि विक्रेता ते सांगेलच असे नाही. म्हणून खरेदीच्या वेळी रंगप्रकार विचारून घ्यावा. स्पायडर नसलेल्या सापाचे डोके डुलू लागले, तर थांबू नये. घरात आधीचे साप असतील, तर नव्याला तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी-चिमटे वापरून ठेवावे.

ओकणे हेही दोहोंच्या सीमेवर येते. खाल्ल्यावर लगेच हाताळले किंवा पेटी थंड पडली, तर नुकताच आलेला सशक्त सापही भक्ष्य बाहेर टाकतो. एकदा असे झाले तर कारण दूर करून दहा-पंधरा दिवस काही देऊ नये आणि नंतर लहान भक्ष्याने सुरुवात करावी. दुसऱ्यांदा झाले, तर ते पोटाचे दुखणे समजून विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

एवढे करूनही शंका उरली, तर वजन पाहावे. साप ज्या पिशवीत आला, त्या पिशवीसह पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन करावे, रिकाम्या पिशवीचे वजा करावे आणि तो आकडा लिहून ठेवावा. पुढे दर दोन आठवड्यांनी एकदाच. उपाशी बुजलेला प्रौढ साप वजन फार हळू गमावतो. मूळ वजनाच्या सुमारे दहा टक्के घट झाली, किंवा कण्याची रेघ वर दिसू लागली, किंवा त्वचेवर सुरकुत्या पडल्या, तर उपवासाचे कारण काहीही असो, तो वैद्याचा विषय झाला.

या दोन अवस्था एकमेकींत मिसळतही जातात. दीर्घकाळ बुजलेला आणि थंड बाजूला दडून बसलेला साप खरोखरच आजारी पडतो, कारण त्याच्या रोगप्रतिकारशक्तीचे काम शरीराच्या तापमानावर चालते. म्हणून बुजलेपणाचा सल्ला ‘हात लावू नका’ असा असला, तरी ‘पाहू नका’ असा नाही. रोज दुरून नजर टाकावी आणि तापमान लिहावे.

वैद्याकडे नेताना साप कापडी पिशवीत, तोंड गाठ मारून, आणि पिशवी हवेची छिद्रे असलेल्या डब्यात ठेवावी, वाटेत तो गार होऊ देऊ नये. बरोबर वजनांचा व तापमानाचा कागद, शेवटच्या कातेचा तुकडा आणि विष्ठा मिळाली असेल तर ती स्वच्छ डबीत घ्यावी. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असेलच असे नाही, म्हणून आधी फोन करून विचारावे. माणसांची प्रतिजैविके घरीच देण्याचा मोह आवरावा. सापातली मात्रा त्याच्या वजनावर आणि शरीराच्या तापमानावर ठरते, आणि काही औषधे पाणी कमी झालेल्या सापाच्या मूत्रपिंडांना इजा करतात.