जॅझ गिटारवाले गिटार ऐकतच नव्हते: जुन्या-नव्याच्या वादाची पार्श्वभूमी

जॅझ गिटार आवडणारे दोन जण भेटले की दहा मिनिटांत एक वाद ठरलेलाच असतो. एक म्हणतो, आधी चार्ली ख्रिश्चन आणि वेस माँटगोमेरी या जुन्या गिटारवाल्यांचे सोलो (एकट्याने पुढे येऊन वाजवलेले तुकडे) तोंडपाठ करा, मग स्वतःचं काय ते वाजवा. दुसरा म्हणतो, ऐंशी वर्षांपूर्वीचे सोलो घासत बसायचं तर त्याला इंप्रोव्हायझेशन (जागेवर सुचेल ते वाजवणं) कशाला म्हणायचं, पाठांतर म्हणा सरळ. थोडं थोडं दोघांचंही बरोबर आहे, पण ज्याला आपण परंपरा म्हणतोय ती मुळात तयार कशी झाली हे बघितलं की वादाचा रंगच बदलतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: जॅझमधली गिटार पुढे सरकली ती बहुतेक वेळा गिटारवाल्यांनी गिटार सोडून दुसरंच काहीतरी कान देऊन ऐकलं तेव्हा. वेसचा अपवाद आहे, त्याच्याकडे येतोच.

सुरुवातीला या वाद्याला बँडमध्ये फारसा मान नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या अगदी जुन्या बँडमध्ये गिटार दिसते, पण 1920 च्या दशकात रेकॉर्ड निघायला लागल्या तेव्हा बॅन्जो पुढे आला, कारण साधं होतं, आवाज. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम्स सगळे एकदम वाजत असताना गिटार कुणाला ऐकू जाणार, आणि तेव्हाच्या भोंग्यासमोर बसून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तर नाहीच नाही. 1925 च्या सुमारास मायक्रोफोनने रेकॉर्डिंग व्हायला लागलं, गिब्सन कंपनीने एफ-होलवाली (पुढच्या फळीवर f सारखी भोकं असलेली) एल-5 गिटार त्याआधीच 1922 मध्ये काढली होती, आणि मग हळूहळू बॅन्जोवाले गिटारकडे वळले. एडी लँग आणि लॉनी जॉन्सन या दोन गिटारवाल्यांनी 1928-29 मध्ये जोडीने केलेल्या रेकॉर्ड्स आजही ऐकाव्यात अशा आहेत. लँग गोरा, जॉन्सन काळा, आणि त्या काळात अशी जोडी उघडपणे रेकॉर्डवर चालत नव्हती म्हणून लँगचं नाव लेबलवर ‘ब्लाइंड विली डन’ असं छापलं गेलं. आणि हे दोघंही व्हायोलिन शिकलेले होते. सुटे सूर, ओढलेली लांब वाक्यं, हे सगळं कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक सूर) खडखडवणाऱ्या बॅन्जोतून आलेलं नाही.

गिटारवाल्या जँगो राइनहार्टची गोष्ट बहुतेकांना माहिती असते. 1928 मध्ये त्याच्या कॅरॅव्हॅनला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने सोलोचं असं तंत्र बसवलं की चार बोटंवाले अजून मागे धावतायत. 1934 मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवाल्या स्टेफान ग्रापेलीबरोबर त्याचा तो प्रसिद्ध क्विंटेट (पाच जणांचा बँड) उभा राहिला, त्यात ड्रम्स नाहीत, ट्रम्पेट नाही, नुसत्या तारा. पण जँगोला जॅझचं वेड लागलं ते लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्ड्स ऐकून, म्हणजे परत एका ट्रम्पेटवाल्यामुळे. आज ‘जिप्सी जॅझ’ नावाखाली जे चालतं ते फार काटेकोर झालंय, गिटार त्याच घाटाची, पिक (तार छेडायची चकती) तसंच, ऱ्हिदम तसाच. खुद्द जँगो मात्र 1946 मध्ये अमेरिकेत ड्यूक एलिंग्टनबरोबर दौरा करून आला, इलेक्ट्रिक गिटार घेतली, बीबॉप (1940 च्या दशकातलं वेगवान, गुंतागुंतीचं जॅझ) कानावर घेतलं आणि 1953 मध्ये जाईपर्यंत त्याचं वाजवणं बरंच बदलून गेलं होतं. त्याचे भक्त त्याच्या 1930 च्या दशकात राहतात, तो स्वतः तिथे राहिला नाही.

खरा मोठा फाटा फुटला तो चार्ली ख्रिश्चनपाशी, त्यामुळे इथे जरा थांबू. गिब्सनने 1936 मध्ये ईएस-150 ही इलेक्ट्रिक गिटार काढली. तिच्यावर पहिला हात ख्रिश्चनने टाकला असं नाही, एडी डरहॅम त्याच्या आधी इलेक्ट्रिक वाजवत होता (हा माणूस मुळात ट्रॉम्बोनवाला, बघा परत). पण ओक्लाहोमा सिटीत वाढलेल्या ख्रिश्चनच्या कानात टेनर सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग भरलेला होता, ते लांब, तरंगत जाणारे, बारच्या (तालाच्या मापाच्या) रेषा ओलांडून संपणारे फ्रेझ, म्हणजे सुरांची वाक्यं. ते साध्या गिटारवर वाजवून उपयोग नव्हता, बँडमध्ये ऐकूच आले नसते. अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आला आणि ते शक्य झालं. मेरी ऑस्बर्न नावाची गिटारिस्ट तेव्हा किशोरवयात होती, तिने अमेरिकेतल्या बिस्मार्क शहरात त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला आधी वाटलं की आत कुणीतरी टेनर सॅक्स वाजवतंय. गिटारच्या इतिहासातली ही माझी सगळ्यात आवडती चूक.

1939 च्या ऑगस्टमध्ये रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने ख्रिश्चनला लॉस एंजेलिसला क्लॅरिनेटवाल्या बँडलीडर बेनी गुडमनकडे नेलं. सांगतात असं की गुडमनला हा भडक कपड्यातला पोरगा बघून वैताग आला, त्याने मुद्दाम एक जुनी स्टँडर्ड (जॅझवाले नेहमी वाजवतात अशी धून) पुकारली, याला येणार नाही म्हणून, आणि ख्रिश्चन कोरसमागून कोरस (धुनीची आवर्तनं) वाजवत राहिला, ती एक धून पाऊण तास चालली. त्यानंतर त्याच्या हातात जेमतेम दोन वर्षं वाजवणं होतं. 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाउस या क्लबला रात्री उशिरा ज्या जॅम (मिळून वाजवायच्या बैठका) चालायच्या, तिथल्या त्याच्या काही रेकॉर्डिंग्ज उरल्यात, थेलोनियस मंक, केनी क्लार्क ही मंडळी तिथलीच, म्हणजे बीबॉप जिथे शिजत होतं त्या चुलीपाशीच हा बसलेला. 2 मार्च 1942 ला क्षयाने गेला. वय 25.

आणि मग जे नेहमी होतं तेच झालं. ज्याने सॅक्सोफोन ऐकून गिटार बदलली, त्याची गिटार ऐकून पुढच्या सगळ्यांनी गिटार शिकली. बार्नी केसेल, टॅल फार्लो, जिमी रेनी, हर्ब एलिस, एका पिढीचं बोलणंच ख्रिश्चनपासून सुरू झालं. बंडाचंच पाठांतर झालं म्हणा ना.

बाजूला ऱ्हिदम गिटारवाल्या फ्रेडी ग्रीनला विसरून चालणार नाही. 1937 मध्ये काउंट बेसीच्या बँडमध्ये आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत तिथेच, पन्नास वर्षं, अँपशिवाय, एका बारला चार ठोके, सोलो जवळपास नाहीच. परंपरा-नावीन्याच्या वादात त्याचं नाव कोणी घेत नाही कारण तो वादात बसतच नाही. पण कॉर्डमधला एखादा-दोनच सूर नीट वाजू देऊन अख्खा बँड पुढे ढकलणं हे किती अवघड आहे ते स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही, मी करून बघितलंय, दोन मिनिटांत मनगट बोलायला लागलं.

आता वेस. इंडियानापोलिसचा, 1923 चा जन्म, विशीच्या आसपास ख्रिश्चनच्या रेकॉर्ड्स ऐकून गिटार घेतली, आणि त्याने काय केलं तर ख्रिश्चनचे सोलो जसेच्या तसे, सूर न सूर, पाठ केले. पहिलं क्लबमधलं काम मिळालं तेही त्याच्या जोरावर, सोलो वाजवायचे आणि संपले की गप्प बसायचं, कारण पुढे काही येतच नव्हतं. आधी तोंडपाठ करा म्हणणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगला पुरावा नाही. पण त्याच माणसाने पिक बाजूला ठेवून अंगठ्याने वाजवायला सुरुवात केली, कारण काय तर घरात आवाज फार होतो, त्रास होतो. त्या अंगठ्यातून तो जाड, उबदार टोन आला. ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) जँगोही वाजवायचा, पण वेसने अख्खे कोरस ऑक्टेव्हमध्ये बांधले: आधी सुटे सूर, मग ऑक्टेव्ह, मग ब्लॉक कॉर्ड (धुनीच्या प्रत्येक सुराला अख्खी कॉर्ड), एकेक मजला चढवल्यासारखं. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लब, असं चाललेलं असताना 1959 मध्ये सॅक्सोफोनवाल्या कॅननबॉल अ‍ॅडर्लीने ऐकलं आणि रिव्हरसाइड कंपनीला सांगितलं. तेव्हा वेस छत्तिशीत होता. पुढे व्हर्व्ह आणि ए अँड एमसाठी त्याने व्हायोलिनच्या ताफ्यासकट पॉप गाणी वाजवली, 1966 चं ग्रॅमी मिळालं, रेकॉर्ड्स खपल्या, आणि समीक्षकांनी लगेच विकला गेला म्हणून बोटं मोडली. 1968 मध्ये 45 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. ते अंगठ्याचे ऑक्टेव्ह आज जॅझ गिटारच्या प्रत्येक पुस्तकात धडा म्हणून असतात.

जिम हॉलने उलटा रस्ता धरला, सूर कमी करत न्यायचा. 1962 मध्ये त्याची दोन मोठी कामं आली, एक बिल एव्हान्सच्या पियानोबरोबर नुसत्या दोघांचं, आणि दुसरं सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सच्या ‘द ब्रिज’ मध्ये. रोलिन्स दोन-अडीच वर्षं सगळं सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा रियाझ करत होता, परत आला तेव्हा पियानोवाला न घेता त्याने गिटारवाला घेतला. हॉल एक छोटा तुकडा घेतो, उलटा करतो, थोडा ओढतो, थांबतो, समोरच्याचं ऐकतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं की याला येत नाहीये बहुतेक. आता मला सगळ्यात जास्त तोच लागतो.

मग 1960 च्या दशकात भांडं फुटलंच. सॉनी शॅरॉकला मुळात टेनर सॅक्स वाजवायचा होता, सॅक्सवाला जॉन कोल्ट्रेन ऐकून, पण दम्यामुळे जमलं नाही म्हणून गिटार हातात आली, आणि त्याने ती किंचाळवली, कॉर्ड वगैरे बाजूला. इंग्लंडमध्ये डेरेक बेलीने त्याहून टोकाचं केलं, ताल नाही, सूर नाही, कुठलीच ओळखीची शैली येऊ द्यायची नाही असा हट्टच. बेलीचं लोक हसण्यावारी नेतात, पण हा माणूस कित्येक वर्षं डान्स हॉलमध्ये आणि स्टुडिओत पगारी गिटारवाला होता, त्याला सगळ्या स्टँडर्ड्स हाताच्या बोटांवर होत्या. 2002 मध्ये त्याने चक्क जुन्या बॅलड्सचा अल्बम काढला. धून सुरू होते, ओळखू येते, आणि मग कडेकडेने कुरतडली जाते. ज्याला परंपरा येत नव्हती तो माणूस हे करूच शकला नसता.

जॉन मॅकलॉक्लिन 1969 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला उतरला आणि लगेच ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला. तिथे माइल्सने त्याला सांगितलं म्हणे, की गिटार येतच नाही असं वाजव. इतका सराईत वादक, त्याला सांगायचं काय तर विसर. त्यानंतर फ्यूजन (जॅझ-रॉकची सरमिसळ) आलं, डिस्टॉर्शन (फाटका, खरखरीत आवाज) आलं, मॅकलॉक्लिनचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा 1971 मध्ये सुरू झाला, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी पुढे जातो.

कारण आजच्या वादाची खरी मुळं मला त्या गोंगाटात दिसत नाहीत, शाळेत दिसतात. तोपर्यंत हे सगळं रेकॉर्ड प्लेअरची सुई मागे घेऊन घेऊन आणि रात्री जॅममध्ये मार खाऊन शिकलं जायचं. बॉस्टनच्या बर्कली या संगीत कॉलेजमध्ये विल्यम लेविटने गिटारचा विभाग बांधला, 1960 च्या दशकात त्याची पद्धतशीर पुस्तकं आली, 1970 च्या दशकात स्टँडर्ड्सच्या कॉर्ड्सचं ते बेकायदा छापलेलं जाडजूड ‘रिअल बुक’ हातोहात फिरायला लागलं. म्हणजे आता एका कॉर्डवर कुठला स्केल (सुरांचा संच) चालतो त्याचं कोष्टक मिळायला लागलं, सगळ्यांना तेच. सोय झाली यात शंका नाही, माझ्यासारख्याला तर तेच वरदान. पण आधी परंपरा म्हणजे कुणाला तरी ऐकणं होतं, आता परंपरा म्हणजे अभ्यासक्रम झाली, आणि अभ्यासक्रमाशी भांडण होणारच. 1980 च्या दशकात ट्रम्पेटवाला विंटन मार्सालिस आणि त्याच्याबरोबरची तरुण मंडळी सूट घालून स्विंग आणि ब्लूजकडे परत चला म्हणायला लागली तेव्हा जॅझभर हा वाद पेटला, गिटारवालेही त्यात ओढले गेले.

त्या काळातले गिटारवाले मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवून होते. पॅट मेथेनी पोरवयात वेससारखा अंगठ्याने ऑक्टेव्ह वाजवायचा, मग ठरवून सोडून दिलं, कारण ते दुसऱ्याचं आहे. 1976 च्या पहिल्या अल्बमपासून त्याचा आवाज लगेच ओळखू येतो, पुढे गिटार सिंथेसायझरवर त्याने जवळजवळ ट्रम्पेट वाजवला. ब्रॅडफर्डच्या अ‍ॅलन होल्ड्सवर्थला तर फुंकून वाजवायचंच वाद्य हवं होतं, तारेवर पिकचा टकटक आवाजच त्याला नको, म्हणून डाव्या हातानेच बहुतेक सूर काढायचे, सॅक्ससारखे ओतलेले. बिल फ्रिसेल जिम हॉलकडे शिकला आणि डिले, व्हॉल्यूम पेडल (पायाने आवाज बदलायची उपकरणं) घेऊन कंट्री गाण्यांत जाऊन बसला.

आत्ताचं चित्र बघायचं तर दोन जण शेजारी ठेवून ऐका. मेरी हॅल्व्हर्सन मोठ्या पोकळ जुन्या घाटाच्या गिटारवर, स्वच्छ टोनमध्ये सूर काढते आणि पेडलने तो मधेच वितळवते, घसरवते, कान सटकतो. पास्क्वाले ग्रासो पेडल वगैरे काही न घेता एकटा बसून 1940 च्या दशकातलं बीबॉप वाजवतो, वरवर पाहता पक्का जुना. पण तो ऐकतो कोणाला, तर बड पॉवेलला, पियानोवाल्याला. पियानोच्या दोन हातांचं काम सहा तारांवर इतक्या वेगात आधी फारसं कोणी बसवलेलं नव्हतं, त्यासाठी त्याने बोटांची ठेवणच वेगळी केली. आणि एव्हाना त्याचे व्हिडिओ हळू करून, बोटांवर डोळे लावून, ती ठेवण जशीच्या तशी उतरवून घेणारी पोरं बसलेली आहेतच.