स्वस्थवृत्ताचा प्रसार, बेळगाव सीमाभागातील

निरोगी माणूस निरोगीच राहावा यासाठी आयुर्वेदाने सांगितलेले आहाराचे, दिनचर्येचे आणि ऋतुचर्येचे नियम गावोगावी जाऊन लोकांना समजावून देण्याचे काम. आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमात हा विषय ‘स्वस्थवृत्त’ या नावाने शिकवतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ३०) आयुर्वेदाचे प्रयोजन सांगताना स्वस्थाचे स्वास्थ्य राखणे आधी येते, आजाऱ्याचा विकार शमवणे नंतर. गावातल्या शिबिरात मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो. नाडी पाहायची, चूर्णाची पुडी द्यायची आणि पुढच्याला बोलवायचे. मोफत औषधाने त्या दिवशीची सोय होते, पण त्याला आरोग्यशिक्षण म्हणता येत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठीबहुल पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. मराठी माणूस त्याला सीमाभाग म्हणतो. शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी आहे. आयुर्वेदाचे शिक्षण इथे जुने आहे. शहापूरचे आयुर्वेद महाविद्यालय (आजचे केएलई संस्थेचे श्री बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय) १९३३ चे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक वैद्यकावरील राष्ट्रीय संस्थाही बेळगावातच असून तिची सुरुवात २००६ साली विभागीय संशोधन केंद्र म्हणून झाली. बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीची साडेचार वर्षे संपल्यावर विद्यार्थी एक वर्ष आंतरवासिता करतात. खेड्यातली अंगणवाडी, शाळा किंवा स्त्रीशक्ती संघाची (बायकांच्या बचतगटाची) बैठक त्यांना भेटते ती बहुतेक याच काळात.

या भागात ऋतुचर्या शिकवताना पहिली अडचण पावसाची येते. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला पाऊस आठवडेच्या आठवडे हटत नाही, तर त्याच जिल्ह्यातील अथणीला आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. एकच पत्रक दोन्हीकडे वाटून भागत नाही. वर्षा ऋतूत अग्नी (पचनशक्ती) मंदावतो, म्हणून जुने धान्य खावे, सुंठ वापरावी आणि पाणी उकळून प्यावे असे अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सांगितले आहे. पावसाच्या पट्ट्यातल्या जांबोटीकडच्या बाईला सुंठीचे महत्त्व सांगावे लागत नाही, ती चहातसुद्धा सुंठ घालते. पण ओल्या सरपणावर पिण्याचे सगळे पाणी उकळायचे म्हणजे किती फुंकर घालावी लागते, हे सांगणाऱ्याने आधी जाणून घ्यावे. मग निदान लहान मुलांचे आणि आजाऱ्याचे पाणी तरी उकळा, असे पाळता येण्याजोगे काही तो सांगू शकतो.

भाताच्या रोपलावणीत बायका दिवसभर चिखलात वाकून उभ्या असतात. आठवडाभरात पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, कातडी सुटते, रात्री आग होते. या चिखल्या. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १३) नेमके हेच दुखणे ‘अलस’ नावाने येते. दूषित चिखलाचा स्पर्श हे कारण आणि ओल्या बेचक्या, खाज, आग व ठणका ही लक्षणे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारानेही असे पाय जवळून पाहिले होते, हे सांगितले की बैठकीतल्या बायका सरसावून बसतात. घरचा उपाय त्यांना ठाऊक असतोच : मेंदीचा लेप किंवा करंजाचे तेल. शिकवायचे राहते ते एवढेच की लेपाआधी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्याने प्रत्येक बेचकी कोरडी करायची. पायाला भेग किंवा जखम असताना चिखलात उतरू नये. साखरेचा आजार असेल तर चिखल्या अंगावर काढू नयेत. लावणीच्या दिवसांत ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून लगेच सरकारी दवाखाना गाठावा, अशा वेळी घरी काढा घेत बसू नये. हे शेवटचे वाक्य आयुर्वेदाच्या डॉक्टरने स्वतःच्या तोंडून सांगितले की त्याचे वजन वाढते.

निपाणी-चिकोडीकडचा प्रश्न वेगळा आहे. तिथे तंबाखू शेतात, वखारीत आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या सुपात असते, आणि तीच तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, चुरून मिश्री होते. सकाळी दात घासायला म्हणून सुरू झालेली मिश्री दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांवर फिरू लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता सांगून सवय सुटत नाही, कारण बाईच्या मते ती तंबाखू खातच नाही, दात घासते. म्हणून बोलणे दातांपासूनच सुरू करावे लागते. अष्टांगहृदयाने दातवणासाठी रुई, वड, खैर, करंज, अर्जुन ही झाडे सांगितली आहेत, तंबाखू कुठेच नाही. असणार तरी कशी, ती पोर्तुगीजांबरोबर आली. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे, घरच्या तव्यावर मात्र कायदा पोचत नाही. मिश्रीची डबी असते त्याच फळीवर त्रिफळाचूर्णाची डबी ठेवायची आणि सकाळची पहिली वेळ तेवढी बदलायची, अशी लहान पायरी अनेकींना जमते. तलफ फार असेल तर व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरची मदत घ्यावीच लागते.

कामाचे खरे मर्म भाषेत आहे. सरकारी पत्रके कन्नडमध्ये असतात, बाटलीवर संस्कृत नाव असते आणि घरात तिसरेच नाव चालते. वासा म्हणजे अडुळसा, कन्नडमध्ये आडुसोगे. गुडूची म्हणजे गुळवेल, कन्नडमध्ये अमृतबळ्ळी. पानओव्याला कन्नड शेजारीण दोड्डपत्रे म्हणते आणि वेखंडाला बजे. ज्या पत्रकावर ही नावे शेजारी शेजारी छापलेली असतात ते घरात जपून ठेवले जाते. नाव चुकले तर वनस्पती चुकते, आणि ही चूक महागात पडू शकते. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले काही रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत होऊ शकते याकडे लक्ष वेधले. मतभेद काहीही असोत, कुंपणावरची वेल आणून महिनोन्‌महिने काढा पिऊ नये, एवढे प्रत्येक बैठकीत सांगणे प्रसारकाचे कर्तव्य आहे.

लहान मुलांच्या सुवर्णप्राशनाला (सोन्याचे औषधी थेंब चाटवण्याला) पुष्य नक्षत्राच्या दिवशी गर्दी होते. या विधीचा आधार काश्यपसंहितेत आहे, मात्र तो लसीला पर्याय नाही. मूल मांडीवर असताना आईकडून तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्यांची व लसींची नोंद असलेले सरकारी कार्ड) मागून घ्यावे, गोवराचा डोस राहिला असेल तर तिथेच आशाताईला हाक मारून तारीख ठरवावी आणि मग थेंब द्यावेत.