'उना' आला कुठून? नायजेरियन पिजिनमधल्या रोजच्या शब्दांच्या वादाची पार्श्वभूमी

नायजेरियन पिजिन ही किनाऱ्यावरच्या व्यापारातून घडलेली, मुख्यतः इंग्रजी शब्दांवर उभी असलेली बोली, आणि तिच्यात 'उना' म्हणजे 'तुम्ही'. तिच्या रोजच्या शब्दांपैकी अनेकांचे मूळ वादात आहे. जानेवारी २०२० मध्ये इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या ऐतिहासिक शब्दकोशाने नायजेरियात रुळलेले २९ शब्द आणि अर्थ एकदम दाखल करून घेतले. त्यांत भाड्याच्या मोटरसायकलीसाठीचा 'ओकाडा' होता, प्रवासी मिनीबससाठीचा 'डान्फो' होता, 'खाणे' या अर्थाचा 'चॉप' होता आणि 'सेफ' हा एक छोटासा शब्दही होता. त्याच्या नोंदीत व्युत्पत्तीच्या जागी ठाम उत्तर नाही, दोन शक्यता दिल्या आहेत: 'स्वतः' या अर्थाचे 'सेल्फ' हे सर्वनाम किंवा 'सुरक्षित' या अर्थाचे विशेषण. पिजिनमध्ये हा शब्द दोन ठिकाणी येतो. 'मी सेफ नो सबी' म्हणजे 'मलासुद्धा ठाऊक नाही' आणि 'व्हेअर इ डे सेफ?' म्हणजे 'आहे तरी कुठे तो?' पहिल्या वाक्यात 'सुद्धा'चे आणि दुसऱ्यात वैतागलेल्या 'तरी'चे काम हा एकच शब्द करतो. सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन इथल्या क्रिओ भाषेत 'सेफ' आणि दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या स्रानान भाषेत 'स्रेफी' हे त्याचे भाऊबंद याच अर्थांनी नांदत असताना आणि तिथे ते उघडपणे 'सेल्फ'पासून आलेले असताना, 'सुरक्षित'ची शक्यता कोशकारांनी का राखून ठेवली असावी हे समजणे कठीण आहे. शिवाय या शब्दाची सर्वांत जुनी लिखित नोंद म्हणून कोशाने १९८० सालच्या एका नायजेरियन कादंबरीकडे बोट दाखवले. ज्या भाषेत बोलणारे लाखो आणि लिहिणारे मूठभर, तिच्या शब्दांचे वय छापील कागदावरून ठरवू लागले की असेच होते. जो शब्द आजोबांच्या तोंडी होता तो नातवाच्या पिढीत जन्मल्यासारखा दिसतो.

पिजिनच्या शब्दांतला सर्वांत जुना थर पोर्तुगीज आहे, आणि त्याविषयी फारसा वाद नाही. गिनीच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी साओ जॉर्जे दा मिना हा किल्ला १४८२ साली बांधला, गोवा त्यांनी १५१० साली घेतले. म्हणजे ज्या भाषेने मराठीला चावी, पगार, लिलाव आणि पाव दिले, तिनेच एक पिढी आधी त्या किनाऱ्यावर 'सबी' आणि 'पिकिन' ठेवून दिले होते. 'सबी' म्हणजे जाणणे, 'पिकिन' म्हणजे मूल. मुळात 'लहान' असा अर्थ असलेले हे विशेषण नायजेरियात इतके नाम होऊन बसले, की तान्ह्या मुलाला 'स्मॉल पिकिन' म्हणताना आपण 'लहान लहान' म्हणतो आहोत हे कोणाला जाणवत नाही. पावरोटी म्हणताना आपल्यालाही जाणवत नाही. याच दोन शब्दांच्या जोरावर विसाव्या शतकाच्या मध्यास असा सिद्धान्त मांडला गेला, की जगभरच्या युरोपीय शब्दसंग्रहाच्या पिजिन भाषा एकाच पोर्तुगीज पिजिनच्या पोटी जन्मल्या आणि पुढे त्यांचे शब्द तेवढे बदलले. खलाशांच्या तोंडून दोन शब्द सात समुद्र पार जाऊ शकतात, त्यासाठी संपूर्ण भाषेने सोबत जावे लागत नाही. हा आक्षेप त्या सिद्धान्ताला भोवला आणि आज त्याला फारसे पाठीराखे उरलेले नाहीत.

'डॅश' आणि 'वाहाला' यांची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे दावेदार स्थानिक आहेत. डॅश म्हणजे भेट, वर टाकलेली वस्तू आणि आता बहुधा चिरीमिरी. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जुन्या लिखाणात सौदा ठरण्यापूर्वी द्यावयाच्या नजराण्यासाठी हा शब्द वेगवेगळ्या रूपांत दिसतो. एक पक्ष तो 'देणे' या पोर्तुगीज क्रियापदाच्या रूपापासून काढतो. दुसरा पक्ष घानातल्या अकान भाषेकडे जातो, जिथे 'दा आसे' म्हणजे आभार मानणे. देणाऱ्याच्या तोंडचा शब्द की घेणाऱ्याच्या, असा हा प्रश्न आहे, आणि गोऱ्या व्यापाऱ्यांनी तो स्थानिकांच्या मागणीचा शब्द म्हणूनच लिहून ठेवलेला असल्याने दुसरा पक्ष मला अधिक सयुक्तिक वाटतो. 'वाहाला' म्हणजे कटकट, झंझट. नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडचे योरुबा बोलणारे तो आपला मानतात, उत्तरेकडचे हौसा बोलणारे आपला. त्यामागे भीती किंवा धसका या अर्थाचा अरबी शब्द उभा आहे असे बहुतेक कोश सांगतात. योरुबात कांद्याला आणि कुशलमंगलाला असलेले शब्दही अरबीतून आलेले आहेत, आणि उत्तरेकडचे हे शब्द दक्षिणेत पोचवण्याचे काम मुख्यतः हौसा व्यापाऱ्यांनी केले, तेव्हा वाहालाचा प्रवासही त्याच वाटेने झाला असावा. मराठी 'साबण' पोर्तुगीज की अरबी-फारसी या आपल्याकडच्या जुन्या वादाशी परिचय असलेल्या वाचकाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

'चॉप'वर मात्र शाई उगाच सांडली गेली. चीनच्या किनाऱ्यावरच्या 'चॉप चॉप'शी त्याचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण जुन्या इंग्रजीत जबड्याला 'चॉप्स' म्हणत आणि जबड्यात घालण्यासाठी त्यापासूनच क्रियापद होते, तेवढे पुरे. पुढे 'चॉप मनी' म्हणजे घरखर्चाला दिलेले पैसेही झाले आणि खाल्लेले सरकारी पैसेही. दुसरा अर्थ मराठीत भाषांतर न करता समजतो.

या सगळ्या वादांत जो खऱ्या अर्थाने महत्त्वाचा आहे, तो एका सर्वनामाचा आहे: 'उना'. रस्त्याच्या कडेला घाम गाळणाऱ्या मजुरांच्या टोळीजवळून जाताना लागोसमधला माणूस 'उना वेल डन' असे म्हणून पुढे जातो. ही शाबासकी नव्हे, कामात असलेल्यांना घातलेला रामराम आहे. योरुबात अशा वेळी 'ए कू इशे' म्हणतात, आणि पिजिनमधले अभिवादन त्याच साच्यातून निघाले असे मानले जाते. म्हणजे शिष्टाचार योरुबा, 'वेल डन' इंग्रजी, आणि उरलेला 'उना', म्हणजे 'तुम्ही', बहुधा आग्नेय नायजेरियातल्या इग्बो भाषेतला. इग्बो भाषेत द्वितीय पुरुषाचे अनेकवचन 'उनु' आहे. इथे एक बारकावा नोंदवला पाहिजे. योरुबातला 'ए' आपल्या 'तुम्ही'सारखा आहे, अनेकांना चालतो आणि आदराने एकट्या वडीलधाऱ्यालाही चालतो. 'उना'ला तो मान मिळाला नाही. तो निव्वळ संख्या मोजतो, आणि आदर दाखवायचा तर 'ओगा' (साहेब) किंवा 'मा' (बाईसाहेब) अशी संबोधने जोडावी लागतात. योरुबांच्या शहरात शतकाहून अधिक काळ राहूनही हे सर्वनाम त्यांच्या वळणावर गेले नाही, हे ते बाहेरून घडून आलेले असल्याचे लक्षण मानायला हरकत नाही.

मग ते घडले कुठे? जमैकात 'उनु' आहे, बार्बाडोसमध्ये 'वना', अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या गला भाषेत 'हुना', सुरिनाममध्ये 'उनु', कॅमेरूनमध्ये 'वुना', फ्रीटाउनमध्ये 'उना'. अठराव्या शतकात आजच्या नायजेरियातल्या बॉनी आणि जुने कालाबार या बंदरांतून इग्बो माणसे फार मोठ्या संख्येने गुलाम म्हणून पलीकडे नेली गेली, म्हणून शब्दही त्यांच्याबरोबर गेला, असे सरळ उत्तर दिले जाते. त्याला पहिला अडथळा सुरिनामचा आहे. तिथली इंग्रजांची वसाहत १६५१ ते १६६७ एवढी अल्पजीवी होती. पुढे ती डचांकडे गेली आणि इंग्रज मळेवाले हळूहळू निघून गेले. सर्वनामे ही बाजारातून उचलण्याची चीज नव्हे, भाषेचा सांगाडा उभा राहतानाच ती बसतात. सुरिनामचे 'उनु' त्या काळचे असेल, तर इग्बो बंद्यांचा महापूर येण्याच्या कितीतरी आधीच हे सर्वनाम इंग्रजांच्या मळ्यांवर चलनात होते. इग्बो पक्षाचे उत्तर असे, की ही बंदरे ज्या किनाऱ्यावर आहेत त्या बिआफ्राच्या आखातातून बार्बाडोसला जाणारी जहाजे सतराव्या शतकातही होती आणि आरंभीच्या वस्तीत मोजकी माणसेही पुरतात. विरोधकांचे म्हणणे असे, की अंगोला आणि काँगोकडच्या भाषांतही 'तुम्ही'ची रूपे 'एनु', 'येनु' अशी ऐकू येतात, तेव्हा एकच बाप शोधण्याचा हट्ट कशाला? वेगवेगळ्या भाषांतल्या सारख्या आवाजांनी एकमेकांना हात दिला असेल. ही शक्यता नाकारता येत नाही, पण पहिल्या अक्षरातला 'उ' त्या भाषांतून मिळत नाही आणि इग्बोतून जसाच्या तसा मिळतो, याकडे विरोधक सहसा काणाडोळा करतात.

दुसरा अडथळा अधिक नाजूक आहे, कारण त्यात अभिमान गुंतला आहे. शब्द इग्बो असेल, तर नायजेरियाने तो थेट शेजारघरातून घेतला असे म्हणणे स्वाभाविक; पण मग शेवटी 'आ' का? इग्बो 'उनु'चे जमैकात 'उनु'च राहिले आणि इग्बोभूमीपासून हाकेच्या अंतरावर मात्र 'उना' झाले, हे विचित्र आहे. याचा एक खुलासा फ्रीटाउनमधून जातो, कारण तिथले रूपही 'उना'च आहे. त्या वस्तीत १७९२ साली कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातून सुमारे १,२०० मुक्त कृष्णवर्णीय आले, १८०० साली जमैकातले साडेपाचशेच्या आसपास 'मरून' लोक, म्हणजे मळ्यांवरून पळून स्वतंत्र वस्ती केलेल्या गुलामांचे वंशज, आले, आणि १८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केल्यावर पकडलेल्या जहाजांतून सोडवलेली हजारो माणसे, विशेषतः योरुबा, तिथे उतरवली गेली. या सरमिसळीत क्रिओ घडली. सुमारे १८३९ पासून त्यांतली माणसे बडाग्री, अबेओकुटा आणि लागोसकडे परतू लागली. कोणी व्यापारी, कोणी शिक्षक, कोणी धर्मोपदेशक. लागोसमध्ये त्यांना 'सारो' म्हणत. १८४६ साली कालाबारला आलेले स्कॉटिश मिशन तर जमैकाहून निघाले होते आणि त्याच्यासोबत जमैकन माणसे होती. म्हणजे जो शब्द इग्बो बंद्यांच्या तोंडी अटलांटिक ओलांडून गेला, तोच दोनशे वर्षांनी अंगावर कोट आणि हातात बायबल घेऊन जवळपास त्याच किनाऱ्यावर परत उतरला असण्याचा संभव आहे.

हे मान्य करायला नायजेरियात अनेकांची तयारी नसते. त्यांचा आक्षेप साधार आहे: सारो परतण्यापूर्वी निदान अर्धशतक कालाबारच्या स्थानिक एफिक जमातीतल्या एका व्यापाऱ्याने १७८५ ते १७८८ या काळातली आपली रोजनिशी किनारी इंग्रजीत लिहून ठेवली होती. जहाजांकडून वसूल होणारे 'कोमी' नावाचे शुल्क, कप्तानांना दिलेल्या मेजवान्या, गुलामांची मोजदाद, सगळे तिच्यात आहे. मूळ वही स्कॉटलंडमध्ये होती आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीत ती नष्ट झाली; आज वाचायला मिळतो तो आधी करून घेतलेल्या नकलेवरचा मजकूर. तेव्हा पिजिन फ्रीटाउनहून आली हे म्हणणे अतिव्याप्त ठरते, आणि ती संपूर्णपणे घरचीच हे म्हणणेही. घर होते, त्यात परतलेल्यांनी काही सामान आणले, 'उना' त्या सामानातला असावा.

स्वातंत्र्योत्तर काळात या वादांना वेगळीच धार आली. इंग्रजी राजभाषा, हौसा, योरुबा आणि इग्बो या तीन मोठ्या भाषा शिक्षणधोरणात मानाच्या, आणि देशभर सर्वांत सहज समजणारी पिजिन मात्र कुठेच नाही. वारी आणि सापेलेसारख्या शहरांत तर ती मुलांची पहिली भाषा झालेली. जुलै २००९ मध्ये इबादानला भरलेल्या एका परिषदेने ठरवले, की 'पिजिन' हे नावच टाकावे आणि भाषेला 'नाइजा' म्हणावे. कारण समजण्यासारखे होते. 'पिजिन' हा शब्द चीनच्या बंदरांत 'बिझनेस'च्या मोडक्या उच्चारातून आला असा सर्वसाधारण समज आहे, आणि मोडकेपणाचा शिक्का कोणाला हवा असतो? पण 'नाइजा' हे तरुणांच्या तोंडी देशाचे लाडके नाव होते. भाषेचे नाव म्हणून ते विद्वानांच्या निबंधांबाहेर फारसे रुजले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये एका ब्रिटिश प्रसारण संस्थेने या भाषेतली बातमीसेवा सुरू केली, तेव्हा तिच्या नावात 'पिजिन' हाच शब्द राहिला.

त्या परिषदेचा दुसरा विषय लेखनपद्धतीचा होता, आणि तो व्युत्पत्तीच्या वादाशी थेट भिडतो. उच्चाराप्रमाणे लिहावे तर 'वेटिन'मधले 'व्हॉट थिंग' आणि 'डे'मधले 'देअर' झाकले जातात. इंग्रजी वळणाने लिहावे तर जे शब्द इंग्रजी नाहीत तेही बिघडलेल्या इंग्रजीसारखे दिसू लागतात. आज वृत्तसेवा एका पद्धतीने लिहिते, संशोधक दुसऱ्या, आणि फोनवर संदेश पाठवणारी मंडळी रोज तिसरी शोधतात.

ज्या शब्दाचा जन्म सर्वांच्या डोळ्यांसमोर झाला, त्याचीही वाट काही सरळ नव्हती. बेनिन शहरातून चालणारी एक खासगी विमानकंपनी १९८३ ते १९९७ या काळात सेवेत होती. मालकाने तिला एडो राज्यातल्या आपल्या गावाचे, ओकाडाचे, नाव दिले होते. ती वेगवान म्हणून प्रसिद्ध होती आणि बेभरवशाची म्हणूनही. वाहतूक तुंबलेल्या रस्त्यांवर गाड्यांच्या फटींतून प्रवाशाला नेणाऱ्या भाड्याच्या मोटरसायकलींना कोणीतरी थट्टेने तेच नाव दिले, आणि कंपनी बंद पडल्यावरही ते टिकले. लागोसने २०१२ साली या मोटरसायकलींना अनेक मुख्य रस्त्यांवर बंदी केली आणि फेब्रुवारी २०२० पासून ती आणखी कडक केली, म्हणजे शब्द कोशात पोचला आणि पुढच्याच महिन्यात वाहन रस्त्यावरून हटवले गेले. एडो राज्यातले ते गाव अजून आहे, आणि तिथेही भाड्याच्या मोटरसायकलीला ओकाडाच म्हणतात.