मायक्रॉनची सोयरीक

गेल्या मे महिन्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी दोन दिवस ठाण मांडून बसलो होतो. मित्राची रॅलीची जिप्सी तिथं इंजिनकामाला आली होती. १२९८ सीसी, चार सिलिंडर, ७४ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं गोल भोक. टेबलावर पांढरं सुती कापड, त्यावर ओळीनं पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड, आणि शेजारी सोनाराकडे असतो तसला काटा. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा दोन ग्रॅमनं जड निघाला. मिस्त्रींनी तो उलटा धरला, आतून जरासा घासला, पुसला आणि पुन्हा काट्यावर ठेवला. असं पाच वेळा.

दोन ग्रॅमसाठी एवढं? हिशेब मांडून बघा. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर पिस्टन मिनिटात १४,००० वेळा थांबतो आणि उलट दिशेला निघतो. अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजार पटींच्याही पुढे जातं. म्हणजे पाव किलोचा पिस्टन तिथं रॉडला साडेसहाशे किलोच्या ओझ्याइतका ओढतो. दोन ग्रॅमचा फरक पाच किलोंचा हिसका होतो, आणि तो सेकंदाला शंभराहून जास्त वेळा बसतो.

जर्मनीत आफाल्टरबाखला एएमजीची इंजिनं ‘एक माणूस, एक इंजिन’ या पद्धतीनं बांधतात आणि बांधणाऱ्याच्या सहीची पट्टी इंजिनावर लावतात. जपानमध्ये योकोहामाला निसान जीटी-आरची ३.८ लिटरची व्ही-६ इंजिनं ‘ताकुमी’ म्हणजे निष्णात कारागीर बांधत. यंत्रमानवाच्या जमान्यात हाताला एवढा मान कशासाठी? बोल्ट तर यंत्रही आवळतं. माझ्या मते हाताचं खरं काम आवळण्याआधीच होऊन गेलेलं असतं: मोजणं, आणि कुणाची जोडी कुणाशी लागते ते ठरवणं. नाशिककरांना हे नवीन नाही. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बनतात. नोझलमधली सुई आणि तिची बॉडी यांत जेमतेम दोन-चार मायक्रॉनची फट असते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणून एका नोझलची सुई दुसऱ्यात घालायची नाही, हा नियम डिझेल पंपाच्या दुकानातलं पोरगंही पाळतं.

मला सगळ्यात थक्क केलं ते होनिंगनं, म्हणजे बोअर आतून दगडानं घासून नेमका करण्यानं. बोअरला शेवटचा हात फिरवण्याआधी मिस्त्रींनी ब्लॉकवर एक जाडजूड लोखंडी प्लेट बोल्टनं आवळली. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण; त्याच्या जागी हे खोटं हेडच म्हणा. त्यामागचं कारण फार सुंदर आहे. हेडचे बोल्ट ब्लॉकला इतक्या जोरानं ओढतात की गोल बोअर दहा-वीस मायक्रॉन वाकडा होतो. मोकळ्या ब्लॉकमध्ये अगदी गोल घासलात, तर हेड बसल्यावर तो गोल राहणार नाही. म्हणून आधी ताण द्यायचा आणि त्या ताणातच गोल करायचा. प्लेट काढल्यावर बोअर किंचित वाकडा दिसतो, आणि तसाच तो हवा असतो. होनिंगच्या दगडानं उमटलेल्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांत पुढे तेल टिकून राहतं.

मग क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, बेअरिंग. चालू इंजिनात क्रँक बेअरिंगवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पन्नास मिलिमीटरच्या जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगात बसणाऱ्या गोल भागाला, साधारण ५० मायक्रॉनची फट लागते. कमी पडली तर तेल पुरत नाही, जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो. ती मोजायला मिस्त्रींनी प्लास्टिगेजचा मऊ हिरवा दोरा जर्नलवर आडवा ठेवला, बेअरिंगची कॅप ठरल्या टॉर्कवर, म्हणजे पिळाच्या ठरल्या जोरावर, आवळली आणि पुन्हा उघडली. दोरा चेपून पट्टी झाली होती. जेवढी पट्टी रुंद, तेवढी फट कमी. छापील मापाशी ती ताडून त्यांनी तिसरी कॅप बाजूला ठेवली आणि दुसऱ्या जाडीचं बेअरिंग शोधायला घेतलं.

पिस्टनभोवती बसणाऱ्या रिंगांचं महत्त्व मला माझ्या जुन्या जीपनं शिकवलंय. एका गॅरेजनं रिंगा डब्यातून काढल्या तशाच बसवल्या, टोकांमधली फट तपासलीच नाही. कसारा घाटात इंजिन तापलं, रिंगा फुगल्या, टोकं एकमेकांना भिडली आणि पुढे वाढायला जागाच उरली नाही. बोअर उभा ओरखडला गेला. एवढ्या बोअरला ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट लागते, टर्बो असेल तर त्याहून जास्त. इथं मिस्त्री प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरकवून फिलर गेज घालून पाहत होते आणि गरज पडली की टोक कानशीनं झिजवत होते.

बोल्टाचं थोडक्यात: पाना फिरवताना लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. आटे कोरडे की तेलकट यावर सगळा हिशेब फिरतो. म्हणून आजकाल थोडा टॉर्क देऊन पुढे ठरावीक अंश फिरवतात.

दुपारी तीनला पिस्टन आणि बोअर मोजायची वेळ आली. पत्र्याच्या छपराखाली अडतीस अंश. मिस्त्रींनी मायक्रोमीटर उचलला आणि पेटीत ठेवून दिला.

“आत्ता नको, भाऊ. उन्हाळ्यातलं दुपारचं माप खोटं.”

जगभर मापं २० अंशांना धरतात. अठरा अंशांच्या फरकानं ॲल्युमिनियमचा पिस्टन २५ मायक्रॉनहून जास्त फुगतो, बोअरचं लोखंडी अस्तर, म्हणजे लायनर, त्याच्या साधारण निम्मा. पिस्टनची फटच पन्नास-साठ मायक्रॉनची, त्यात एवढी चूक कशी चालेल? पिस्टन, ब्लॉक, बोअर गेज, मायक्रोमीटर, सगळं एकाच टेबलावर झाकून रात्रभर ठेवलं. सकाळी सहाला शटर उघडलं तेव्हा भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये बावीस होते. मिस्त्रींनी हात धुतले, पुसले, आणि पहिल्या पिस्टनला मायक्रोमीटर लावला.