बोअर, पिस्टन आणि वीस अंश: इंजिन बांधणीची पार्श्वभूमी

हिंगणघाट, वणी, पुसद, अचलपूर या भागात ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बांधणारा मिस्त्री शोधायला फार लांब जावं लागत नाही. विदर्भात यंत्रं आली ती कापसामागे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, कापसाच्या गावांत जिनिंग-प्रेस उभ्या राहिल्या. यंत्राबरोबर फिटर आणि लेथवाला आला. पुढे डिझेल पंप आले, ट्रॅक्टर आले. या कामात हात तयार झालेला मिस्त्री जास्त ताकदीचं कार इंजिन बांधायला घेतो तेव्हा मात्र ट्रॅक्टरचा अंदाज पुरत नाही, नेमकं माप लागतं.

जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन बरीच वर्षं अडलं ते सिलिंडरपाशी. कल्पना पक्की होती, पण बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात पुढे-मागे सरकतो ते सिलिंडरचं भोक, वेडावाकडा असल्याने पिस्टनच्या बाजूने वाफ निसटायची. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनने बोअरिंगचा दांडा सिलिंडरच्या आरपार घालून दोन्ही टोकांना आधार दिला, त्यामुळे दांडा लवेना आणि बोअर सरळ निघू लागला. ५० इंची सिलिंडरमधली चूक जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षा जास्त नाही, असं वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधानाने लिहिलं. म्हणजे एक मिलीमीटरहून थोडी जास्तच. आज ८५ मिमी बोअरच्या गोलाईतली चूक आणि टेपर (दोन टोकांच्या व्यासातला फरक) ०.०१ मिमीच्या आत ठेवावा लागतो.

मोटारीच्या काळात प्रश्न बदलला. सुरुवातीला एकेक भाग शेजारच्या भागाला कानस मारून बसवत. १९०८ मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले, कानस न लावता पुन्हा जोडल्या आणि ५०० मैल पळवल्या. हे जमलं ते भाग मापाने बनवल्यामुळे. माप पक्कं करायचं साधन, म्हणजे गेज ब्लॉक, स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसनने त्याच सुमारास दिलं. पण धातू तापला की माप हलतं. म्हणून १९३१ मध्ये लांबी मोजण्याचं प्रमाण तापमान आंतरराष्ट्रीय पातळीवर २० अंश सेल्सिअस ठरलं.

आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ४५ अंश सहज असतात. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) दुप्पट फुगतं. ब्लॉक बिडाचा, पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) ॲल्युमिनियमचा, बोअर ८५ मिमी आणि दोन्ही ४५ अंशांवर असतील, तर पिस्टन आणि बोअरमधली मोजलेली फट २० अंशांपेक्षा ०.०२ मिमीच्या आसपास कमी भरते. पिस्टनसोबतच्या कागदावर फट ०.०८ लिहिलीय म्हणून भर दुपारी ०.०८ काढली, की प्रत्यक्षात ०.१० होते. मग थंड इंजिन सुरू करताना पिस्टन खडखडतो, रिंगा नीट बसत नाहीत, इंजिन ऑइल खातं.

उलटी चूक जास्त महाग पडते. होनिंग करताना, म्हणजे बोअर घासदगडाने घासून मापावर आणताना, ब्लॉक तापतो. तो ३० अंशांनी तापलेला असताना डायल बोअर गेज (आतला व्यास मोजायचं काट्याचं साधन) घातला तर बोअर ०.०३ मिमी मोठा दिसतो. मिस्त्री तिथेच थांबतो. ब्लॉक थंड झाल्यावर बोअर आवळतो आणि पहिल्याच लांब चढावर पिस्टन जाम होतो. म्हणून शेवटचे ०.०२ मिमी बाकी ठेवून थांबावं. ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवावेत, पहाटे मोजावं आणि मग उरलेलं काढावं. पहाटेही पारा तीसवर असेल तर फरक जेमतेम ०.०१ उरतो, तो हिशेबात धरता येतो.

रेसिंग इंजिन बांधणाऱ्यांनी पुढे आणखी एक गोष्ट ओळखली. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळले की त्यांच्या ओढीने बोअर वाकडा होतो. त्यावर उपाय म्हणजे टॉर्क प्लेट. हेडच्या जागी जाड प्लेट, खाली तसंच गॅस्केट, तेच बोल्ट, तोच टॉर्क, आणि हे आवळलेलं असतानाच होनिंग. प्लेट काढल्यावर बोअर किंचित वाकडा मोजला जातो. घाबरू नये, हेड बसलं की तो गोल होतो. आपल्याकडे हे फार कमी ठिकाणी होतं. पण प्लेट कोणत्याही चांगल्या लेथवाल्याकडून करून घेता येते, आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) बसवणार असाल तर ती टाळूच नये.

रिंगचं तोंड, म्हणजे पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट, हाही तापमानाचाच हिशेब. साध्या इंजिनाला बोअरच्या दर २५ मिमीमागे ०.१० मिमी धरतात, म्हणजे ८५ ला सुमारे ०.३५. टर्बोला ०.५० च्या आसपास, कारण रिंग जास्त तापते. टोकं एकमेकांना भिडली तर पिस्टनची कडा तुटते.

आणि होनिंगनंतर बोअर डिझेलने धुऊन भागत नाही. होनिंगच्या दगडाची भुकटी बोअरवरच्या रेघांत अडकून राहते आणि पहिल्या काही तासांत रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासावं. मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं बोअरमधून फिरवावं. ते करडं निघत असेल तोवर पुन्हा धुवावं. शेवटच्या पाण्यानंतर लगेच ऑइलचा हात द्यावा, कारण उघड्या बिडावर गंज चढायला काही मिनिटं पुरतात.