‘बाबांना सांगू नका’ म्हणणारे नक्की कोणाला जपतात?

ग्वाल्हेरात कोणाच्या घरी मोठं आजारपण आलं की पहिली मीटिंग पेशंटला सोडूनच होते, हॉस्पिटलच्या जिन्यात नाहीतर बाहेर चहाच्या ठेल्यावर. मुलगा, सून, पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलेला धाकटा, आणि सगळ्यांचं एकच, ‘डॉक्टरसाब, बाबांना काही सांगू नका हं, खचून जातील.’ बाबा तिकडे बेडवर पडल्या पडल्या सगळं ओळखून असतात, नर्सच्या चेहऱ्यावरून, अचानक गोड बोलायला लागलेल्या सुनेवरून, पण तेही गप्प, कारण पोरं खचतील. दोन्ही पार्ट्या एकमेकांना जपतायत आणि जे बोलायचं ते राहूनच जातं.

यात आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की मरण समोर दिसणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय ते आपल्याला बाहेरून कळतं. हे खरं का ते तपासता येतं, आणि तपासलंयही. 2017 साली अमेरिकेत अमिलिया गोरॅन्सन, कर्ट ग्रे वगैरे मानसशास्त्रज्ञांनी कॅन्सर आणि एएलएस (यात हळूहळू सगळे स्नायू निकामी होतात) या आजारांच्या शेवटच्या टप्प्यातल्या लोकांनी खरोखर लिहिलेल्या ब्लॉग पोस्ट जमवल्या आणि दुसरीकडे धडधाकट लोकांना सांगितलं की समजा तुम्हालाच हा आजार आहे, लिहा पोस्ट. मग दोन्हीकडचे भावना दाखवणारे शब्द मोजले. धडधाकट लोकांनी कल्पनेने लिहिलेलं जास्त काळं निघालं. खऱ्या पेशंटच्या लिखाणात चांगल्या भावनेचे शब्द जास्त होते आणि मरण जवळ येत गेलं तसे ते वाढत गेले. हेच त्यांनी टेक्सासमधल्या फाशीच्या कैद्यांच्या शेवटच्या शब्दांवर करून बघितलं (फाशी म्हणायचं आपलं, तिथे इंजेक्शन देतात), तिथेही तोच प्रकार, आणि त्या शेवटच्या बोलण्यात घरची माणसं आणि देव हेच जास्त.

याचा अर्थ मरण गोड असतं असा काढू नका. ब्लॉग लिहिणारा माणूस मुळात लिहिण्याइतका बरा असतो, ज्याला श्वास घेता येत नाहीये तो काय पोस्ट टाकणार. आणि दुखणं हे दुखणंच. सिसिली साँडर्स या ब्रिटिश डॉक्टरने 1967 मधे लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, काढलं तेव्हा आधी वेदना आटोक्यात आणण्यावर भर दिला, मॉर्फिन ठरलेल्या वेळी द्या, पेशंट कण्हायची वाट बघू नका, कारण अंगात आग असताना जीवनाचा अर्थ बिर्थ कोणाला सुचत नाही. पण वेदना आटोक्यात असेल तर आतली अवस्था आपण समजतो तितकी भयाण नसते, एवढं तरी म्हणता येतं.

गंमत म्हणजे हे आपल्या गावच्या कवीने कधीच लिहून ठेवलंय. भा. रा. तांबे, ग्वाल्हेरचे राजकवी, इथेच 1941 मधे गेले. त्यांची ती ‘नववधू प्रिया मी बावरते’ आपण लग्नाच्या गाण्यात खुशाल म्हणतो, पण बरेच जाणकार ती मरणावरची कविता म्हणूनच वाचतात. सासरी जायला निघालेली मुलगी, तिला माहितीये की पलीकडे आपलंच माणूस आहे तरी पाय निघत नाही. भीती सगळी उंबऱ्याच्या अलीकडची.

मग लांबून इतकं भयंकर का वाटतं? एक धागा मेंदूच्या अभ्यासातून मिळतो. इस्राएलच्या बार-इलान विद्यापीठात 2019 मधे एक प्रयोग छापून आला, लोकांना स्क्रीनवर कधी स्वतःचा चेहरा दाखवायचा कधी परक्याचा, आणि वर शब्द, कधी मरणाशी संबंधित कधी इतर. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो आणि अंदाज चुकला की दचकल्याचा एक सिग्नल येतो, तो बाहेरून मोजता येतो. स्वतःचा चेहरा आणि मरणाचा शब्द एकत्र आले की हा अंदाज बांधण्याचा कारभारच बंद पडल्यासारखा दिसला. परक्याच्या चेहऱ्याला मात्र चालू. म्हणजे मरण ही दुसऱ्याची गोष्ट आहे असं मेंदू आपल्याला बजावत राहतो. लक्ष्मीगंजच्या मुक्तिधामात, म्हणजे स्मशानात, उभं राहून लोक प्लॉटचे भाव का बोलू शकतात याचं एक उत्तर मला तरी यात दिसतं.

दुसरा धागा लॉरा कार्स्टेन्सन यांचा, स्टॅनफर्डच्या. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता, अर्धा तास मोकळा मिळाला तर कोणाबरोबर घालवाल, घरचं माणूस, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, की एखादी नवी ओळख? म्हातारी माणसं घरचं माणूस निवडतात, तरुण कोणालाही. पण तरुणांना सांगितलं की समजा तुम्ही लवकरच एकटे दूर गावी जाणार आहात, तर तेही म्हाताऱ्यांसारखंच निवडायला लागले! आणि म्हाताऱ्यांना सांगितलं की समजा नवं औषध निघालंय, अजून 20 वर्षं आहेत, तर त्यांचा घरच्यांकडचा ओढा गायब. 1997 मधे हाँगकाँग चीनकडे जायच्या आधी तिथल्या तरुणांमधेही असंच दिसलं होतं. तेव्हा प्रश्न वयाचा कमी आणि उरलेल्या वेळेचा जास्त. वेळ थोडा उरलाय हे कळलं की माणूस फापटपसारा सोडतो आणि चार-दोन माणसांवर येतो, आणि ज्याला आपण कळूच देत नाही त्याची ही निवड आपण परस्पर करून टाकतो. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं.

मोठ्या अर्थाच्या मागे लागणारेही असतात अर्थात. अर्नेस्ट बेकर या अमेरिकन अभ्यासकाने 1973 मधे मांडलं की माणसाची बरीचशी धडपड म्हणजे मरण नाकारायची धडपड, नाव तरी उरावं. आपल्याकडे बघा, शिंदे घराण्याच्या छत्र्या (राजांची स्मारकं), आणि राजेपण नसलेल्यांसाठी देवळातला पंखा, पात्यावर लाल अक्षरात ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. बेकरवरून पुढे जे प्रयोग झाले, मरणाची आठवण करून दिली की लोक आपल्या जातीधर्माला जास्त चिकटतात वगैरे, त्यातला एक गाजलेला प्रयोग बऱ्याच लॅबनी मिळून परत केला तेव्हा काही तसा निघाला नाही, त्यामुळे ते जपूनच घ्यावं. तांब्यांनी मात्र या नाव उरवण्याच्या हौसेचं दोन ओळीत काम तमाम केलंय, ‘जन पळभर म्हणतील हाय हाय, मी जाता राहील कार्य काय’. लताबाईंच्या आवाजात ऐकताना आपण डोळे पुसतो, पण कवी रडत नाहीये तिथे, तो हिशोब सांगतोय.

नाव उरण्यापेक्षा बोलणं उरलं तर? कॅनडातल्या हार्वी चोचिनोव्ह या मनोविकारतज्ज्ञांनी त्याचीच पद्धत बनवली. शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटपाशी रेकॉर्डर घेऊन बसायचं आणि विचारायचं, सगळ्यात जिवंत कधी वाटलं होतं, कोणती भूमिका महत्त्वाची वाटते, घरच्यांना काय सांगायचंय. मग ते उतरवून, नीट करून, पेशंटला वाचून दाखवायचं, त्याने होकार दिला की कागद त्याच्या हातात. 2005 च्या अभ्यासात 100 पेशंट होते, 91 टक्के समाधानी, 67 टक्के म्हणाले जगण्याला अर्थ आहे असं जास्त वाटायला लागलं. 2011 च्या मोठ्या चाचणीत मात्र मनाचा त्रास मोजून फार कमी झालेला दिसला नाही, तरी पेशंट स्वतः म्हणत होते की फायदा झाला. मला हे पटतं. बोलल्याने आजार जात नाही, आणि दुःखही फारसं जात नसेल, पण बोलायचं ते राहून तरी जात नाही.

आपल्याकडे हे घरी करायचं तर मोबाईल पुरे, पण तीन अडचणी येतील. एक तर आधी कळलेलं असावं लागतं, म्हणजे जिन्यातली मीटिंग बेडपाशी आणावी लागते, आणि ते एकदम नाही, ‘बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय’ एवढं विचारून बघा, काहींना खरंच नको असतं आणि तेही चालतं. दुसरं, बाबा दौलतगंजमधल्या वाटणीवरून काकांबद्दल जे बोलतील ते तसंच ठेवायचं का? चोचिनोव्हच्या पद्धतीत हे पेशंटलाच विचारतात, की वाचणाऱ्याला हे लागेल, राहू द्यायचं का. आणि तिसरं अगदी ग्वाल्हेरी, आजोबा अर्धं मराठीत अर्धं हिंदीत बोलणार आणि बेंगलोरच्या नातवाला देवनागरी धड वाचता येत नाही. तेव्हा टाइप करून घ्याच, पण ऑडिओ डिलीट करू नका.